कापलेली जोडवी

भावजींचा फोन आला तेव्हा मी पुसदच्या कॉलेजात प्रॅक्टिकलला उभी होते. "पोरगी झाली," ते म्हणाले. मी हसले. मग ते म्हणाले, "रेणुका गेली..."

रेणुका माझी मोठी बहीण. आमच्या तांड्यातून कॉलेजला जाणारी मी पहिली. माझी बॅग खांद्यावर घेऊन ती एस.टी.पर्यंत सोडायला यायची. "मॅडम, आमच्याशी बोलशील ना आता?" असं चिडवायची. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली तेव्हा पाय सुजलेले होते, डोकं सारखं ठणकायचं. "मोबाइल कमी पाह्य," याडी, म्हणजे आमची आई, म्हणायची. मग एक दिवस जोडवी बोटांत रुतली आणि घर घाबरलं... सुजेला नाही. जोडवी काढावी लागली तर सवाष्णीचं बोट उघडं राहील, याला.

"आधी दवाखान्यात जाऊ," मी म्हटलं.

"कायले? रक्त तपासलं ना तिचं! नॉर्मल हाये," याडी म्हणाली.

ती रेणुकाला घेऊन सोनाराकडे गेली, मीही गेले. त्याने जुनी जोडवी कापली, लगेच मोठी चढवली. "माहेरचं तूप मानवलं पोरीले," तो म्हणाला. "तूप कायचं, काका? हत्तीन झाली मी," रेणुका म्हणाली. सगळे हसले. त्याच आठवड्यात, मी कॉलेजात परतल्यावर, तिला झटके आले.

तेराव्याला लोक बुंदी मागून मागून खात होते आणि म्हणत होते, "रक्त तं नॉर्मल होतं, नशीबच खोटं." सुरुवातीला घेतलेल्या त्या रक्तात फक्त हिमोग्लोबिन आणि रक्तगट पाहिला होता. नंतर कॉलेजात मी विचारलं. गर्भाच्या वारेतून आईच्या रक्तात येणारी काही प्रथिनं मोजली, तर सूज, डोकेदुखी आणि शेवटी झटके आणणाऱ्या गरोदरपणातल्या बीपीच्या आजाराचा धोका आधी कळू शकतो, असं शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं. ती तपासणी आमच्याकडे कुठे होते, मला माहीत नाही. पण दंडाला बांधायचा बीपीचा पट्टा तर तालुक्यात होता... आम्ही सोनाराचं दुकान गाठलं.

मोठी जोडवी तिच्यासोबत गेली. कापलेली याडीने देवाजवळ ठेवलीत. वितळवून नातीला वाळे करू म्हणते. मला त्या जोडव्यांकडे बघवत नाही. सोनाराने ती कापून पार फाकवलीत. आता ती कुणाच्याही बोटात बसतील.