नानीचा हात

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. म्हणूनच तर डोकं फिरतं! फोटोग्राफीतलं कुणी वाचत असेल तर कृपया खुलासा करा... फक्त ‘काच खराब असेल’ एवढं म्हणू नका.

साल अठ्ठावन्न किंवा एकोणसाठ. अकोल्यात माझा छोटासा स्टुडिओ होता. एका सकाळी अचलपूरहून मरियमबी आल्या. त्यांचे पूर्वज हबशी, कधीकाळी आफ्रिकेतून फौजेत आलेले. फडक्यात जुनी काचेची निगेटिव्ह होती – त्यांची नानी, मांडीवर गोधडी घेऊन बसलेली.

“लेकीचे दिवस भरत आले, भाऊ. आमच्यात बाळाच्या गोधडीले कोपऱ्यात फूल लागते, तिकून आफ्रिकेतून आलेलं. जुनी गोधडी जळाली. अम्मी आंधळी झाली, तिले सांगता येत नाही. मले तो कोपरा पाह्यचा आहे.”

काच उजेडात धरली. कोपऱ्यावर नेमका नानीचा हात!

“बाई, हाताखालचं कसं दिसेल?”

“तुमी छापा तर.”

काचेला फोटोचा कागद लावून फ्रेम उन्हात ठेवायची – काचेवर असेल तेच उतरतं. चित्र पक्कं करणाऱ्या हायपोच्या पाण्यातून प्रिंट काढली... हात बाजूला! कोपऱ्यात कापडाच्या घड्यांचं फूल, एकेक टाका स्पष्ट. काच पाहिली – हात जागेवरच. नवा कागद, नवा हायपो, फ्रेमसमोर स्वतः स्टूल टाकून बसलो. पुन्हा तेच!

“काहून चिडून राहिले, भाऊ? नानीनं हात काढला, बस.”

बस काय बस! त्या एक प्रिंट घेऊन गेल्या. काच मी हट्टानं ठेवून घेतली. दोन दिवस छापत बसलो. प्रत्येक प्रिंटमध्ये हात बाजूला. तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र हात परत कोपऱ्यावर, आणि पुढे प्रत्येक वेळी तिथेच.

चौथ्या दिवशी वैतागून काच घेतली आणि अचलपूरची बस धरली. अम्मी खाटेवर बसून नव्या गोधडीचा कोपरा बोटांनी चाचपत होत्या. डोळ्यांतून पाणी.

“हेच. माह्या आईचं फूल.”

“पूर्ण कधी झालं?” मी विचारलं.

“काल दुपारी,” मरियमबी म्हणाल्या.

मी प्रिंट पुढे केल्या, सगळं सांगितलं. त्या हसल्या. “काम झालं ना? मंग नानी कायले उघडं ठेवील?”

दोन्ही प्रकारच्या प्रिंट माझ्याकडे आहेत. जाणकार म्हणतात, दोन फोटो काढले असतील. अहो, काच एकच आहे!