बग्गीखान्यातल्या लॅबचे मानकरी

जाधवराव तरातरा निघून गेले, आणि जाताना लॅबची खोली परत घेऊन गेले. खोली होती तिथेच, शाळेच्या भिंतीला लागून. पूर्वी ती त्यांचा बग्गीखाना होती. आता तिला पुन्हा त्यांचं कुलूप लागलं होतं आणि इन्स्पेक्टर यायला अठरा दिवस उरले होते.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, मुलींच्या एका खाजगी शाळेत मी मुख्याध्यापिका होते. नववीच्या अकरा मुलींनी सायन्स घेतलं होतं. त्याला मान्यता हवी. मान्यता म्हणजे सरकारचा एक कागद. तो नसेल तर मुलगी कितीही हुशार असो, बोर्डाच्या परीक्षेला सायन्स घेऊन बसू शकत नाही. अटी दोन: एक लॅब, आणि लॅब चालवणारी बी.एस्सी. शिक्षिका. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. मुलांच्या शाळेत या पोरींना कोणी पाठवलं नसतं. अकराजणी सरळ गृहविज्ञानाला गेल्या असत्या, आणि तिथून बोहल्यावर.

तेव्हा आम्ही नुकतेच मध्य प्रदेश झालो होतो. त्याआधी मध्य भारत, त्याआधी संस्थान. मध्य भारतात निदान अर्धं वर्ष राजधानी आमच्याकडे असायची, आता ती भोपाळला गेली. संस्थानची फौज विलीन झाली, कचेऱ्या हलल्या. आमचे निम्मे पालक घरी बसून गल्लीतून कोण आलं, कोण गेलं, ते बघत होते. म्हटलं, एवढी माणसं रिकामी आहेत, लावावीत कामाला.

सभा बोलावली. स्त्रीशिक्षणावर मी तासभर बोलले. भाषण बरं झालं, पोहे जास्त चांगले झाले. जाधवरावांनी खोली देऊ केली, म्हणून मी खुशीत कोण काय काम करणार याची यादी फळ्यावर लावली. शाळेतल्या हजेरीसारखी, अक्षरांच्या क्रमाने. इथेच माती खाल्ली.

जाधवराव संस्थानच्या तोफखान्यात अफसर होते. गोडबोले नाना कचेरीत कारकून.

"बाईसाहेब, आमचं नाव गोडबोलेबाबूच्या खाली?"

"ग नंतर ज येतो, जाधवराव."

"दरबारात नाही येत!"

"दरबार संपला आता."

हे बोलायला नको होतं. म्हातारा हळूच म्हणाला, "हां. मालूम आहे आम्हाला. तुम्ही सांगायची जरूर नव्हती." आणि किल्ली उचलून चालता झाला. मला माझी इतकी शरम वाटली की त्या दिवशी डबा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या लेटरहेडवर पत्र लिहून त्यांच्या घरी गेले. 'श्रीमंत जाधवराव यांची प्रयोगशाळा-उभारणी प्रमुख या पदावर नेमणूक करण्यात येत आहे.' खाली सही, शिक्का. त्यांनी दोनदा वाचलं.

"हाताखाली कोण?"

"गोडबोले नाना."

"ठीक आहे. पण वेळेवर यायचं म्हणावं."

गोडबोले नानांना वेगळं पत्र दिलं: तपासणी अधिकारी. जाधवरावांच्या कामाचा रोजचा अहवाल त्यांनी लिहायचा. अशा रीतीने दोघं एकमेकांचे साहेब झाले.

मग काय विचारता! ज्या माणसाने उभ्या जन्मात स्वतःचे जोडे उचलले नव्हते, तो बाक उचलायला लागला. गवंड्याला तोफखान्याच्या शिव्या मिळत होत्या. नाना बाटल्यांवर वळणदार अक्षरात चिठ्ठ्या चिकटवत होते आणि मधूनच 'नळ वाकडा आहे' असा शेरा मारत होते. बाराव्या दिवशी लॅब तयार.

राहिली शिक्षिका. आमची जुनी विद्यार्थिनी कुसुम बी.एस्सी. होती, लग्न होऊन चार वर्षं दौलतगंजात होती. तिच्या सासूबाईंना, माईंना, मी गाठलं.

"सून पगारावर? लोक काय म्हणतील?"

"पगार नाहीच माई. शाळेला परवडत नाही."

"म्हणजे फुकट? मग तर अजूनच हसतील!"

मी पर्समधून पत्र काढलं. माईंची मातृमंडळाच्या अध्यक्षपदी नेमणूक. इन्स्पेक्टरसाहेबांचं स्वागत त्यांच्या हस्ते.

"खुर्ची कुठे?"

"पहिल्या रांगेत. जाधवरावांच्या शेजारी."

"उजवीकडे ना?"

"उजवीकडे."

"कुसुम, माझी निळी पैठणी काढ. आणि उद्यापासून तू लवकर आंघोळ करत जा, शाळा असते."

इन्स्पेक्टर जबलपूरकडचे. लॅबमध्ये येऊन त्यांनी विचारलं, "इंचार्ज कौन है?"

जाधवराव उभे राहिले. नाना उभे राहिले. माईसुद्धा उभ्या राहिल्या. मी मनात म्हटलं, गेलं सगळं.

कुसुमने तिकडे पाहिलंही नाही. एका मुलीला बोलावून निळा लिटमस कागद लिंबाच्या रसात बुडवायला लावला. लिटमस म्हणजे ॲसिड ओळखायचा कागद. तो लाल झाला. का झाला, ते तिने विचारलं आणि पोरीने धडाधड सांगितलं. इन्स्पेक्टर हसले. "इंचार्ज ये हैं," म्हणाले, आणि सही केली. अकरा मुलींचं सायन्स वाचलं.

"माझी सून," माई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या.

पाहुणे गेल्यावर कुसुम बाटल्या पुसत होती. म्हणाली, "बाई, मला पत्र नाही दिलंत."

खरंच! जिच्यावाचून सगळं अडलं होतं, तिलाच विचारायचं राहिलं होतं. ओशाळून म्हटलं, "चुकलंच गं माझं. मग आलीस कशी?"

"चार वर्षांत मला कोणी काही विचारलं नव्हतं, बाई. मीठ किती, साखर किती, मीच सगळ्यांना विचारायची. परवा त्या पोरीने विचारलं, ॲसिड म्हणजे काय हो? सांगून घरी गेले आणि मोरीत जाऊन रडले."

लोक शाळेसाठी फुकट का राबतात, असं नव्या मुख्याध्यापिका मला विचारतात. मी म्हणते, शाळेवरचं प्रेम वगैरे भाषणात बोला. कामाची यादी करताना फक्त एवढं बघा, की आपल्या ओळखीत कोणाला कोणी विचारेनासं झालंय.