बिल्ल्याचा शनिवार

बीडच्या आमच्या विज्ञान महाविद्यालयात शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचं एक गुणवंत मंडळ होतं. त्याचं लांबलचक नाव फक्त लेटरहेडवर असे. एरवी सगळे त्याला 'अकरा' म्हणत, कारण सभासद अकराच. माझ्या शेवटच्या वर्षी मी त्या मंडळाची अध्यक्ष होते. ते पद मला हवं होतं, आणि कशासाठी हवं होतं याबद्दल माझ्या मनात संदिग्धता नव्हती. पुण्यातल्या ज्या संशोधन संस्थेत मला जायचं होतं, तिच्या प्रवेश-अर्जात नेतृत्वगुणांसाठी एक स्वतंत्र रकाना होता.

मंडळाचं वर्ष जुलैत शपथेने सुरू होई. ऑगस्टमध्ये कपिलधारच्या डोंगरावर रोपं लावायची. मागच्या वर्षी लावलेल्यांपैकी किती जगली हे तोवर कोणी मोजलं नव्हतं. मी मोजायला लावलं आणि आलेलं उत्तर कोणालाच आवडलं नाही. गणपतीत लिंबागणेशला दर्शनाच्या रांगेत पाणी वाटायचं. दिवाळी झाली की गावंच्या गावं ट्रॅक्टर-ट्रॉल्यांत बसून ऊसतोडीला जात, आणि आजी-आजोबांजवळ मागे राहिलेल्या मुलांना शाळेत जाऊन गणित-विज्ञान शिकवणं हे आमचं हिवाळ्यातलं काम असे. फेब्रुवारीत पुढच्या वर्षीच्या अकरांची निवड. मार्चमध्ये रजिस्टर आणि कपाटाची किल्ली नव्या अध्यक्षाच्या हाती, आणि आपण मोकळे.

निवडीची रीत जुनी होती. गुण, प्रात्यक्षिकं आणि मंडळाच्या कामातला सहभाग यांवरून यादी तयार होई. ती गुप्त असे. मग एके दिवशी पहिल्या तासाला आम्ही जुने अकरा जण न सांगता दुसऱ्या वर्षाच्या वर्गात शिरायचो आणि ज्याची निवड झाली त्याच्या खिशाला किंवा ओढणीला निळा बिल्ला लावायचो. त्या क्षणी जो बाकावर नसेल, त्याचा बिल्ला यादीतल्या पुढच्याला. हजेरीची वेगळी अट नव्हती; हीच ती अट. आणि हा 'न सांगता' येणारा दिवस दर वर्षी फेब्रुवारीचा शेवटचा शनिवारच असतो, हे कॉलेजच्या कँटीनवाल्यापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या वर्षात रसायनशास्त्राची एक मुलगी होती. सभासद नसतानाही ती दिवाळीपर्यंतच्या मंडळाच्या प्रत्येक कामाला यायची. तिचं घर बीड तालुक्यातल्याच एका वस्तीवर, आणि घरचे सगळे दर हंगामात तोडीला जाणारे. तिच्याकडे माझं लक्ष गेलं ते संशयामुळे. आमचे रसायनशास्त्राचे सर मंडळाचंही काम पाहत, आणि प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासायला मला बसवत. हिची ब्यूरेटची, म्हणजे थेंबाथेंबाने द्रव मोजायच्या काचनळीची, तीनही वाचनं अगदी एकसारखी होती. माझा अनुभव असा, की तीन वाचनं एकसारखी आली तर त्यातली दोन शेजारच्या वहीतून आलेली असतात. मी तिला माझ्यासमोर पुन्हा करायला लावलं. ती ब्यूरेटच्या तोटीवर बोट ठेवून श्वास धरून उभी राहिली, शेवटचा थेंब अर्धवट लोंबत ठेवून काचेच्या कडेला टेकवला, आणि वाचन तेच आलं.

"तुमी बगत असल्या तरी तेवडंच येतंय ताई," ती म्हणाली.

त्या दिवसापासून मी तिला माझ्या टेबलाशी घेतलं. आमच्यात साम्य फारसं नव्हतं. माझ्या वडिलांचा ऊस माजलगावच्या कालव्याखाली. ऊस म्हणजे आमच्याकडे उभा राहणारा, तिच्याकडे आडवा करायचा. तिने हे एकदा हसत बोलूनही दाखवलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी ती मला प्रयोगशाळेच्या दारात गाठून म्हणाली, "ताई, ते बिल्ल्याचं शेवटच्या शनिवारीच असतंय ना?"

"तोच असतो."

"मंग मी येते. तोडीवरनं येते. एक दिवस अप्पा सोडतेल."

मी तिला विचारलं, की मंडळात येण्याची एवढी घाई का. तिने कारण सांगितलं ते सरळ होतं. मुलींच्या वसतिगृहात चार खाटा अकरांतल्या मुलींसाठी राखीव असत, कारण आमचं खरं काम दिवाळीनंतरच असे. खाट मिळाली तर शेवटचं वर्ष ती बीडमध्ये राहून पुरं करू शकणार होती. वस्तीवर मागे कोणी उरत नसे, आणि तरण्या मुलीला तिथे एकटं ठेवायला घरचे तयार नव्हते.

"अप्पा म्हणतेत, जागा घावली तर शिक. न्हाई तर औंदा उन्हाळ्यात उरकून टाकू."

"काय उरकून?"

"लगीन, दुसरं काय. मुकादम जोडीला घेतोय ताई. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटीला कोन घेतंय?" मग माझा चेहरा पाहून तिनेच विषय बदलला. "तुमी कावून तोंड पाडता? मी तर यादीत बसतेच की. का न्हाई?"

यादी अजून व्हायची होती. पण ती बसणार हे मला माहीत होतं.

जानेवारीत मंडळाची बैठक झाली. मागच्या वर्षीची एक गोष्ट सगळ्यांच्या मनात होती. कागदोपत्री चोख असलेला एका पुढाऱ्याचा पुतण्या वर्षभर वर्गात दिसला नव्हता आणि त्या शनिवारी मात्र इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या बाकावर बसला होता. बिल्ला घेऊन गेलेला तो या बैठकीलाही आला नव्हता.

"अबे, त्याला हजेरीपटावर पण कोणी ओळखत नव्हतं," एक जण म्हणाला.

"शनिवारी होता ना बे," दुसरा म्हणाला. "तेवढं पुरतं."

मी म्हणाले, दोष त्याचा नाही, पद्धतीचा आहे. मोजण्याची वेळ आधीच माहीत असेल, तर आपण हजेरी मोजत नाही, तयारी मोजतो. फेब्रुवारीतल्या कामाच्या प्रत्येक दिवसाची एक चिठ्ठी करावी, सगळ्या चिठ्ठ्या बीकरमध्ये टाकाव्यात, आणि ज्याचा मंडळाशी काही संबंध नाही अशा माणसाने एक उचलावी. ती फक्त अध्यक्षाने पाहावी. सर खूश झाले. "ही खरी शास्त्रीय दृष्टी," ते म्हणाले. प्रयोगशाळेतल्या मामांनी हात पुसून चिठ्ठी काढली आणि न उघडता माझ्या हातात दिली. तिच्यावर शेवटच्या आठवड्यातला बुधवार होता.

ती मुलगी मला आठवली नाही असं लिहिणं सोपं आहे. ती मला आठवली. चिठ्ठी उघडली त्याच क्षणी आठवली. पण एकीला दिवस कळला तर सगळी पद्धतच निरर्थक, असा विचार मी केला, आणि तो विचार तर्काला धरून होता. त्या पुतण्यासारख्या मुलांना रोखायला जे दार लावलं, ते एका मुलीसाठी किलकिलं करायचं नाही. मी ते स्वतःला बजावलं आणि चिठ्ठी पाकिटात घातली.

त्या बुधवारच्या चार-पाच दिवस आधी तिचा फोन आला. फोन तिच्या वडिलांचा होता. मागे ट्रॅक्टरचा आवाज आणि कोणाची तरी हाकाटी.

"ताई, शनिवारीच हाय ना? अप्पांनी सांगितलंय, एक दिवस जा. शुक्रवारी सांजच्याला निगाले तर सकाळपर्यंत बीडला येते."

"मला दिवस सांगता येत नाही. नियम आहे."

पलीकडे ती हसली. "बरं बरं. तुमी नका सांगू. मला कळलं."

तिला काय कळलं ते मलाही कळलं. दर वर्षी अध्यक्ष असंच म्हणे, आणि दर वर्षी शनिवारच असे. गुप्ततेचा तो एक लटका भाग होता. दिवस बदलू शकतो, एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं. ते बोलून पद्धत मोडली असती की नसती, यावर मी नंतर बराच काळ विचार केला आहे. तेव्हा मी म्हणाले, "अभ्यास कर," आणि फोन ठेवला.

बुधवारी आम्ही दुसऱ्या वर्षाच्या वर्गात शिरलो. मुलं दचकली, मग टाळ्या झाल्या. पुतण्याच्या पंथातले दोघे गैरहजर होते. त्यांचे बिल्ले पुढच्यांना गेले. यादीत तिसऱ्या क्रमांकावर तिचं नाव होतं. मी तिच्या बाकाशी थांबले. तिथे दुसरी एक मुलगी बसली होती, मन लावून अभ्यास करणारी, शांत. योगायोगाने यादीतलं पुढचं नाव तिचंच होतं. तिच्या ओढणीला बिल्ला लावताना माझ्या हाताला पिन टोचली. तिचा यात काहीही दोष नव्हता, आणि ती आनंदाने रडत होती.

रजिस्टरमध्ये तिसऱ्या क्रमांकासमोर मी 'अनुपस्थित' लिहिलं.

बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार असे तीन दिवस माझ्याकडे होते. तिच्या वडिलांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. येऊ नकोस, एवढं सांगायचं होतं. मी सांगितलं नाही, कारण ते सांगताना कारणही सांगावं लागलं असतं.

शनिवारी सकाळी मी व्हरांड्यातून जाताना ती दुसऱ्या बाकावर दिसली. केस धुऊन घट्ट वेणी घातलेली. अंगात दिवाळीचा पंजाबी ड्रेस. उसाच्या पाचटाने हातावर ओढलेल्या बारीक रेघा, आणि एका बोटाला चिंधी बांधलेली. पाठ ताठ करून ती दाराकडे पाहत होती. मला पाहून तिने चटकन मान खाली घातली. आपल्याला काही माहीत नाही, असं दाखवायचं होतं तिला. वर्गातल्या कोणीही तिला अजून काही सांगितलेलं दिसत नव्हतं. नवी बिल्लेवाली तिच्या शेजारी नव्हती. ती त्या दिवशी मुद्दाम मागे जाऊन बसली होती.

पहिला तास संपला. ती बसून राहिली. दुसरा संपला. तिसऱ्या तासानंतर मी तिला बाहेर बोलावलं.

"बुधवारी झालं," मी म्हणाले.

"बुधवारी?" तिने एकदा माझ्या तोंडाकडे आणि एकदा वर्गाकडे पाहिलं. "पण शनिवार असतोय."

"या वर्षी दिवस चिठ्ठीने काढला. मीच सुचवलं होतं."

ती चिंधीची गाठ उगाच घट्ट करत राहिली. मग तिने विचारलं, "माजं नाव होतं का?"

"होतं. तिसरं."

"तिसरं," ती म्हणाली. "मंग अप्पांना तसं सांगते. नाव होतं म्हनून. लिहून देता का ताई? नुसतं सांगून पटायचं न्हाई त्यांला."

मी सरांकडे गेले. सर म्हणाले, यादी गुप्त असते. एकीला लिहून दिलं तर उद्या दहा जण येतील. माझंच वाक्य मला परत मिळालं होतं. खाट वाढवता येईल का असंही मी विचारलं. खाटा मोजून चारच होत्या. मी परत आले तेव्हा ती निघायच्या तयारीत होती. दुपारच्या एसटीने गेली तर रविवारी सकाळी फडात पोचता येईल, असा तिचा हिशोब होता.

"बसा तुमी, मी जाते," ती म्हणाली. स्टँडपर्यंत सोबत येऊ का, असं मी विचारलं. "कशाला? ऊन लई हाय." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला तो लिहून ठेवता आला असता.

परीक्षेला ती आली आणि वर्गात पहिली आली. जूनमध्ये शेवटच्या वर्षाच्या प्रवेशाची यादी लागली, तेव्हा मी पुण्याला जायच्या आधी मुद्दाम फलकापाशी गेले. दोनदा वाचली. मामा मागे उभे होते. ते म्हणाले, "ती पोरगी? तिचं मे महिन्यातच झालं. आता तोडीला जोडीनं जाईल."

आता मी पुण्यात ज्या प्रयोगशाळेत काम करते, तिथे मोजमापाच्या शिस्तीबद्दल माझं नाव आहे. गेल्या जानेवारीत मी सरांना पत्र लिहिलं, की बिल्ल्याचा दिवस पुन्हा ठरलेला ठेवावा आणि दिवाळीच्या आधी, गाड्या निघण्यापूर्वी, फलकावर लावावा. सरांनी उत्तर पाठवलं: पद्धत छान रुळली आहे, चिठ्ठ्या अजून त्याच बीकरमधून काढतो, नव्या मुलांना तुझं नाव आवर्जून सांगतो.

तो प्रवेश-अर्ज मी नंतर एकदा उघडून पाहिला. नेतृत्वगुणांच्या रकान्यात मी दोन ओळी लिहिल्या होत्या. मंडळाची निवडप्रक्रिया निःपक्षपाती केली, असं दुसऱ्या ओळीत आहे. मुलाखतीत मला याच ओळीवर प्रश्न विचारला होता. मी बीकर आणि चिठ्ठ्यांची गोष्ट सांगितली, आणि समितीतल्या तिघांनीही मान डोलावली.