खलनायक मामा आणि माझा तिसरा पोस्टडॉक

उंदराच्या मेंदूत आठवण नेमकी कुठे बसते, हे शोधण्यात माझी बारा वर्षं गेली. तेवढ्यात उंदरांच्या इतक्या पिढ्या माझ्या हाताखालून गेल्या, की शेवटची पोरं मला आत्या म्हणत असावीत. पीएचडी झाली, मग पोस्टडॉक, म्हणजे दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत करारावरचं संशोधन, मग दुसरा पोस्टडॉक. हे प्रकरण ब्रह्मपुरीत समजावून सांगण्यापेक्षा मेंदू समजावणं सोपं. आई बाजारात सरळ सांगते, "शिकूनच राह्यली अजून."

त्या हिवाळ्यात सुट्टीवर घरी आले, तेव्हा हातात दोन पत्रं होती. जर्मनीतले माझे सर म्हणत होते, आणखी दोन वर्षं ये, तिसरा पोस्टडॉक कर. नागपूरची एक छोटी संस्था पाच वर्षांचा करार द्यायला तयार होती, वर स्वतःची प्रयोगशाळा. दोघांनाही एकाच तारखेच्या संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. त्या दिवशी मी सकाळीच जीपमध्ये बसून वडसा गाठलं, मामाकडे.

मामा झाडीपट्टी नाटकातला खलनायक. दिवाळी ते होळी सिझन, गावोगाव प्रयोग. त्याचं हसणं ऐकून शंकरपटाच्या शर्यतीचे बैल दावं तोडून वैनगंगेपार गेले, असं तो सांगतो. मी चौकशी केली; बैल नदीपर्यंतच गेले होते.

तो नाटक कंपनीच्या ऑफिसात मिशी चिकटवून पाहत होता.

"काय वं मेंदूवाली, काऊन तोंड पाडून राह्यली?"

मी सगळं सांगितलं. करार म्हणजे काय, हे ज्याला समजवावं लागत नाही असा आमच्या घरातला हा एकच माणूस.

"म्हंजे सिझन संपला का बॅग भरायची. अन् काम तुयं, कंपनी मालकाची?"

"पेपरवर नाव माझंच पहिलं असते, मामा. पण लोक म्हणतात, सरांचं काम."

"मी बी पोस्टरवर मोठाच असतो ना, मिशीसकट!" मग मिशी काढत म्हणाला, "एका साली मले स्वतःची कंपनी काढाले मंडप, पडदे, सारं भेटत होतं. म्या म्हटलं, अजून एक सिझन मोठ्या कंपनीत करू, नाव होईल."

"मग?"

"झालं ना नाव. लोक रस्त्यात पाहूनच शिव्या देतेत."

तो हसला, पण ते नाटकातलं हसणं नव्हतं.

मी त्याला नागपूरला प्रयोगशाळेसाठी मिळणाऱ्या खोलीचा फोटो दाखवला. एक खिडकी, एक नळ, मोडक्या खुर्च्यांचा ढीग. त्यानं नाट्यगृह पाहावं तसा मोबाईल फिरवून पाहिला.

"पहिले खुर्च्या बाहेर काढजो. अन् दारावर नाव मोठं टाकजो."

जर्मनीला नकार लिहायला मला शोधनिबंधाहून जास्त वेळ लागला. नागपूरला मात्र एका ओळीत 'येते' लिहिलं. पाठवते न पाठवते तोच मामा खुर्चीवर चढून गरजला, "आमची भाची मालकीण झाली!"

सगळ्या कंपनीनं टाळ्या वाजवल्या. पाच वर्षांनंतर काय, हे कुणीच विचारलं नाही. तिथं होळीपलीकडचं विचारायची पद्धतच नाही.