सातपैकी चार

मी चिडका माणूस आहे. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्यासमोर कोणी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत नाही. पूर्वी मला माझ्या रागाचा अभिमान होता. अन्याय दिसल्यावर ज्याचं डोकं फिरत नाही तो माणूस कसला, असं मी चारचौघांत ठासून सांगायचो. आता सांगत नाही. पन्नासच्या दशकात चांदा जिल्ह्यातल्या एका गावात मी अगदी योग्य कारणासाठी चिडलो होतो, आणि ते भोगलं मात्र भलत्याच कोणीतरी.

तेव्हा मी हिवतापाच्या फवारणी पथकावर इन्स्पेक्टर होतो. वय बावीस. नागपुरात दोन वर्षं सायन्सला काढलेली, अंगावर खाकी, बुडाखाली सरकारी सायकल. मुक्काम सावली या गावी, आणि तिथून वैनगंगेपर्यंतची धानपट्ट्यातली गावं आमच्याकडे. पावसाळ्यात तिकडे जिथे पाहावं तिथे पाणी उभं असतं, बांध्यांत, बोड्यांत, तळ्यांत. दर वर्षी रोवणी तोंडावर आली की अर्धं गाव गोधडीत कुडकुडत पडायचं. जिच्या हातून परे, म्हणजे धानाची रोपं, रोवली जायची ती बाई दुपारी बांधावरच हिव भरून आडवी व्हायची, आणि ताप उतरला की पुन्हा चिखलात. याला नशीब म्हणायची पद्धत होती. मी म्हणायचो, नशीब नाही, डास आहे. डास चावून झाला की भिंतीवर टेकतो; भिंतीवर डीडीटी असली की मरतो. एवढं सोपं. मला वाटायचं, जगातली सगळी दुःखं अशीच सोपी असणार, कोणी नीट समजावून सांगितलेली नाहीत इतकंच.

पथकात दोन माणसं. एक चाळिशीचा, जवळच्याच गावच्या महारवाड्यातला, आणि दुसरा त्याचा धाकटा भाऊ. आमचा पंप बादलीत उभा करायचा असे. एकाने त्याच्या पायरीवर पाय दाबून दांडा वर-खाली करायचा, आणि दुसऱ्याने लांब रबरी नळीच्या टोकाची पितळी तोटी घेऊन खोल्याखोल्यांतून भिंती भिजवत जायचं. धाकटा आंगणात पंप मारायचा, थोरला तोटी धरायचा. त्याचा हात असा बसलेला की भिंतीवर ओघळ येत नसे. काम झालं की मी गेरूने दारावर लिहायचो: तारीख, घरातल्या एकूण खोल्या, त्यांतल्या मारलेल्या खोल्या. लिहिणं माझं, बाकी सगळं त्यांचं.

पांढरी पूड थोरला उघड्या हातांनी कालवायचा. हातमोजे आमच्यापैकी कोणी पाहिलेच नव्हते. शिकवायला आलेले साहेब म्हणाले होते, याने माणसाला काही होत नाही. आणि हे म्हणताना ते बादलीपासून चांगली चार पावलं लांब उभे होते. मी तेव्हा ती पावलं मोजली नाहीत. ढिवरांच्या मोहल्ल्यात एका मासे धरणाऱ्या बाईने मला तळ्यावर बादल्या धुऊन घेताना गाठलं आणि विचारलं, "हे दवाई मच्छर मारते, तं मासोळीले सोडन का?" मी तिला अडाणी म्हणालो. पुढे कित्येक वर्षांनी मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी तेच सांगितलं, आणि ते छापून आलं. तिला मात्र मी भर तळ्यावर हसलो होतो. आजही आठवलं की स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटते.

पण मला सांगायचं आहे ते मालगुजाराच्या घराचं.

मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करायची जमीनदारी, कायद्याने गेली होती. मालगुजार ओसरीवरून हलले नव्हते. आषाढातली सकाळ होती. आम्ही आंगणात बादली ठेवली. त्यांच्या गड्याने विहिरीचं पाणी शेंदून आमच्या बादलीत वरून ओतलं, आपला पोहरा आमच्या बादलीला लागू न देता. एवढी नेमबाजी त्या गावात शाळेविना शिकवली जायची. मग फवारणी सुरू झाली. ओसरी झाली, बैठक झाली, धानाची कोठी झाली, बैलांचा कोठा झाला. चार. आतल्या दाराशी तोटीवाला पोचला तेव्हा मालक उठले.

"त्याले इथीच थांबवा. आतल्या तीन खोल्यात तो नाई जाणार."

आत स्वयंपाकघर, देवघर आणि बाळंतिणीची खोली. पहिल्या दोन खोल्यांत रात्री कोणी झोपत नसे. तिसरीत मालकांची सून होती, पंधरा दिवसांची बाळंतीण. वारा लागू नये म्हणून खिडकी शेणाने लिंपून टाकलेली, दारावर जाड गोणपाट, आत अंधार. डासांना याहून चांगली जागा कोणी मुद्दाम बांधून दिली नसती.

मी बोलायला लागलो. माझं एक भाषणच तयार होतं. डास जात विचारून चावतो का, देश स्वतंत्र झाला, घटनेने अस्पृश्यता गाडली, आणि तुम्ही शिकलेसवरलेले असून वगैरे. मालक सुपारी कातरत शांतपणे ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "मंग तुम्ही जा न आत. तुम्ही तं आपल्यातले. तुमाले कोन अडवून राह्यलं?"

त्या 'आपल्यातले'ने माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे औषध चालतं, त्याच्या हाताने कालवलेलं पाणी भिंतीला चालतं, फक्त तो चालत नाही! मी ओरडलो, "तो जाईल, नाहीतर कोणीच जाणार नाही."

गोणपाट हललं. आतून आवाज आला, बारीक, पण स्पष्ट. "भाऊ, कोनीबी मारा, पन मारा. इथी मच्छर लय हायेत. लेकराचं तोंड सुजून राह्यलं."

सासऱ्याच्या समोर सुनेने परक्या पुरुषाशी बोलावं, अशी त्या घरची रीत नव्हती. तिने किती धीर केला असेल ते मला आज कळतं. मालकांनी तिकडे पाहिलंही नाही.

तोटीवाला माझ्याजवळ आला. मी त्याला नेहमी 'भाऊ' म्हणायचो, अहोजाहो करायचो, आणि तसं करणारा पूर्ण जिल्ह्यात मी एकटाच, याची मला बारीकशी गुर्मी होती. तो हळू आवाजात म्हणाला, "साहेब, तुम्ही तोटी घ्या. आमी दोघं आंगनातून पंप मारतो. माह्या मानापायी त्या बाईले काऊन मच्छर चावू देता?"

त्याचं म्हणणं अगदी सरळ होतं. पण मी मालकांसमोर शब्द देऊन बसलो होतो, मागे कसा येणार? आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती, जी मी बरीच वर्षं स्वतःपासूनही लपवली. मी पंपाला, तोटीला कधी हात लावलेला नव्हता. इन्स्पेक्टरने तोटी धरायची, आणि तीही मालगुजाराच्या सांगण्यावरून, यात मला कमीपणा वाटला. समतेवर एवढं बोलून झाल्यावर त्याच्या हातचं काम माझ्या हाताने करायला मी तयार नव्हतो.

मी मोठ्याने म्हणालो, "नळी पोचणार नाही तिथवर."

नळी आंगणात वेटोळं घालून पडली होती. निम्मी उलगडलेलीच नव्हती. त्याने नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खाली. सरकारी माणसाने सरकारी वस्तूबद्दल सांगितलं की ते खरं असतं.

आतून आवाज आला, "बरं भाऊ."

मी गेरू घेतला आणि दारावर ठसठशीत लिहिलं: सातपैकी चार. खाली लिहिलं: नकार. मालकांनी जेवायचा आग्रह केला, तो मी मोडून काढला. त्या घरचं पाणीही प्यालो नाही, यावर मी वाटभर खूश होतो. तोटीवाला सायकलच्या बाजूने चालत होता. मला वाटत होतं, तो काहीतरी बोलेल. मी त्याच्यासाठी भांडलो होतो! बांध ओलांडताना तो म्हणाला, "उद्या कोनत्या गावाले जाचं हाये?"

दोन दिवसांनी मी त्याच गावावरून जात होतो. मालगुजारांच्या घरातल्या बाया भिंती सारवत होत्या. शेण आणि पांढरी माती कालवून, खालपासून हात पोचेल तिथपर्यंत. फवारणी झाली की त्या मुलखात ठिकठिकाणी हेच चालायचं. भिंतीवर औषधाचे पांढरे डाग दिसतात, वास येतो, आणि अशा घरांत आणखी एक कारण, की तो माणूस आत येऊन गेला. औषध भिंतीवर होतं तसंच राहायचं, फक्त शेणाच्या आत. डास आरामात वरून बसायचे. ज्ञान, खर्च, आमच्या माणसांची सोललेली बोटं, सगळं सारवून गुळगुळीत. मी सायकलवरून उतरून तिथेही आरडाओरडा केला. बायांनी पदर पुढे ओढले आणि हात चालू ठेवले.

बाळंतिणीची खोली मात्र सव्वा महिना होईपर्यंत कोणी सारवत नाही. तिथे मी तोटी धरली असती तर औषध भिंतीवर टिकलं असतं. हे गणित मी त्या दिवशी मांडलं नाही.

श्रावणात, सावलीच्या मुक्कामावर, तोटीवाला सकाळी बादल्या घासत होता. मान वर न करता म्हणाला, "मालगुजाराची सून गेली, साहेब."

"कशाने?"

"हिवाने. बैलगाडीत घालून इथी दवाखान्यात आनून राह्यले होते. नाल्याले पूर होता. दोन दिवस तिकडच्याच थडीले राह्यले."

एवढं सांगून तो पुन्हा बादली घासायला लागला.

मी दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं, त्या एका खोलीत औषध मारलं असतं तर ती वाचली असती का? ते म्हणाले, असं सांगता येत नाही. डास दारातही चावतो, शेतातही चावतो. शास्त्र म्हणून त्यांचं बरोबर होतं. पण ती शेतात गेली नव्हती. दारातही आली नव्हती. ती त्या खोलीत होती, आणि तिथे तिने मागितलं होतं. मी डॉक्टरांचं ते वाक्य कधी सबब म्हणून वापरलं नाही. तेवढी लाज शिल्लक आहे.

पोळा झाल्यावर फवारणीची दुसरी फेरी आली. त्या दिवशी तोटीवाल्याचा भाऊ स्वतःच तापाने पडला होता. आम्ही दोघेच गेलो. ओसरीवर मालकीणबाई नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि वाटीत कापसाची वात बुडवून त्याला शेळीचं दूध पाजत होत्या. मालक सुपारी कातरत नव्हते, नुसते बसले होते. चार खोल्या झाल्या. आतल्या दाराशी आम्ही थांबलो.

"त्या खोलीत मारा," मालक म्हणाले. "त्याले जाऊ द्या."

"आणि बाकीच्या दोन?"

"थे नाई."

स्वयंपाकघर आणि देवघर बंदच राहिलं. ती खोली उघडली, कारण आता तिच्यात कोणी राहत नव्हतं. म्हणजे त्या माणसाला आत जायला मिळावं म्हणून आधी खोली रिकामी व्हावी लागली. पंप मारायला माणूस नव्हता, म्हणून मी पायरीवर पाय दिला आणि दांडा हातात घेतला. पहिल्यांदाच. दहा-बारा झटक्यांत खांदे भरून आले.

तो तोटी घेऊन आत गेला. नळी त्याच्यामागून आंगणातून, ओसरीवरून, बैठकीतून सरकत गेली आणि उंबऱ्याआड दिसेनाशी झाली. आतून पाण्याचा फुसफुस आवाज येत होता. त्याने ती खोली इतकी सावकाश मारली, की मला गड्याकडून दोनदा बादली भरून घ्यावी लागली. ओसरीवरचं लेकरू मध्येच रडायचं आणि वात तोंडात गेली की गप्प व्हायचं.

तो बाहेर आला. मी दारापाशी गेलो. आषाढातला माझा गेरू अजून होता. घरच्यांनी भिंती सारवल्या होत्या, दार कोणी पुसलं नव्हतं. 'सातपैकी चार'च्या खाली मी 'सातपैकी पाच' लिहिलं.

तो आंगणात उकिडवा बसून नळी गुंडाळत होता. माझ्याकडे न बघता, आवाज न चढवता म्हणाला, "नळी पुरली, साहेब. चार-पाच हात उरलीबी."

मला ते आषाढातच माहीत होतं.