झाकण बंद होतं

ही गोष्ट माझ्या तोंडून कधी निघाली नाही. पोरांपुढं नाही, देवापुढं नाही, दोन घोट पोटात गेल्यावरसुद्धा नाही. आज कागदावर उतरवतोय, तेही मराठीत — का, तर घरात मराठी वाचणारं कुणी उरलेलं नाही. नातवंडांना मराठी अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. मुलगा पाटीवरचं नाव कसंबसं लावतो. म्हणजे बघा, कबूल करायलाही मी आडोसा धरून बसलोय. असला माणूस मी. हे ध्यानात ठेवून पुढं वाचा.

चौथी शिकलो. हैद्राबादला अंबरपेठेत माझी पिठाची गिरणी होती. बायको कमल. तिला जाऊन अजून वर्ष व्हायचंय. लोक येतात, सोफ्याच्या कडेला टेकतात, म्हणतात — काका, काकू म्हणजे लक्ष्मी होत्या. मी मान हलवतो आणि मनात म्हणतो, निघा रे भाड्यांनो. हेच लोक तिला वेडी म्हणायचे. तिच्या पाठीमागं कपाळाजवळ बोट फिरवायचे. पण त्यांच्या तोंडात तो शब्द घातला कुणी? थांबा. तिथं यायला मला जरा वेळ लागणार.

शेजारी वसंतराव राहायचे. आपलेच, मराठी, नांदेडकडचे. आमच्या गणपती मंडळाचे अध्यक्ष. मला ते आरतीचं ताट पहिलं द्यायचे, आणि मी तेवढ्यावर फुगायचो. त्यांचा मुलगा महेश, आणि महेशची बायको रेणू. रेणू दळण घेऊन यायची आणि गिरणीत न थांबता थेट आत कमलकडं जायची. दोघी भाजी निवडत बसायच्या. काय बोलायच्या, मी कधी विचारलं नाही. बायकांचं बोलणं म्हणजे गिरणीच्या पट्ट्याचा आवाज — चालू असला की ऐकू येत नाही, असं मला वाटायचं.

आमच्याकडं घरोघर अंगणात जमिनीखाली पाण्याची टाकी असते. संप म्हणतात. वर जाड लोखंडी झाकण, त्याला कडी. एका उन्हाळ्यात सकाळी वसंतराव ओरडले म्हणून मी धावलो. रेणू घरात कुठंच नाही, म्हणाले. तिच्या चपला संपाशी पडलेल्या. झाकण बंद. आम्ही दोघांनी मिळून ते उचललं. माझ्या अंगठ्याचं नख चेपलं, मी शिवी हासडली. आत पोरगी पाण्यावर पालथी होती.

कमल माझ्यामागून आलेली. तिनं सगळं पाहिलं.

आता मला सांगा — जो माणूस पाण्यात पडतो, तो पडल्यावर डोक्यावर झाकण ओढून घेतो का? हे समजायला शाळा लागते का? मलाही समजलं होतं. तिथल्या तिथं समजलं होतं. तरी वसंतराव माझा दंड धरून म्हणाले, “दादा, तुम्ही आलात तेव्हा झाकण उघडंच होतं,” आणि मी म्हणालो, “हाव.” एवढंच. धमकी नाही, गयावया नाही. आरतीचं ताट पहिलं देणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? इतकी स्वस्त माझी जीभ.

मग इन्स्पेक्टरबाई आली.

नाव लिहीत नाही. तेलुगू बाई, चाळिशीची, उंच, केस कापलेले. ठाण्यावर नवीनच आलेली, पण तेवढ्यात तिनं दोन खून उलगडले होते — एक काचीगुड्याच्या लॉजमधला, एक मुशी नदीच्या काठी पोत्यात सापडलेल्या माणसाचा. पानाच्या टपरीवर मी म्हणायचो, राबतात हाताखालची पोरं, फोटो येतो बाईचा. सगळे हसायचे. तिच्याबरोबर एक काडीसारखा एसआय होता, एक ढेरपोट्या जमादार लिहून घ्यायला, आणि शांता नावाची ठेंगणी बाई-कॉन्स्टेबल. ही पलटण बघून मी वसंतरावांच्या कानात म्हणालो, ही काय भोंडल्याला आलीय का? पोरगी अंगणात चादरीखाली होती, आणि मी विनोद करत होतो.

बाईंनी संपाभोवती एक फेरी मारली. कडीला हात लावला नाही. मग विचारलं, “किसने खोला ये?”

मी पुढं झालो. घसा साफ केला. आणि ती मला हातानं थांबवून कमलकडं वळली. “अम्मा, आप भी थे ना? आप बोलो पहले.”

कमलचं हिंदी मोडकं. पण तिनं सरळ सांगितलं. “बंद था, मॅडम. ये दोनों मिलके उचले.”

जमादारानं लिहिलं. बाईंनी माझ्याकडं पाहिलं. “क्यों चाचा? बंद था?”

सगळी गल्ली भिंतीवरून बघत होती. वसंतराव बघत होते. मी म्हणालो, “खुला था.” आणि तेवढ्यावर थांबलो असतो तरी एक खोटारडा म्हणून मेलो असतो. नाही थांबलो. म्हणालो, “उसकी बात नक्को लिखो मॅडम. दिमाग ठिकाने पे नै उसका. एर्रागड्डे को दिखाया मैं उसकू.”

आमच्या हैद्राबादेत एर्रागड्डा म्हटलं की पुढं सांगावं लागत नाही. वेड्यांचा दवाखाना तिथं आहे. मी कमलला तिथं कधी नेलं नव्हतं. डोकं दुखतं म्हणून तिनं कधी गोळीसुद्धा खाल्ली नव्हती.

कमलनं माझ्याकडं पाहिलंही नाही. पदर सावरला आणि घरात गेली. थोड्या वेळानं भाकरी थापल्याचा आवाज आला.

पुढं त्या पलटणीनं काय केलं ते ऐका, कारण तेव्हा मी हसत होतो. बाईंनी संपातलं पाणी उपसून गुडघाभर ठेवलं, एसआयला आत उतरवलं आणि वरून झाकण लावलं. आतून ढकल म्हणाली. पोरगं ढकलत राहिलं. झाकण हललं नाही. बाहेर आलं तेव्हा त्याचा चेहरा पांढरा होता, आणि मी भिंतीवरून विचारलं, “नहाना हुआ क्या साब?” शांता रोज पाण्याच्या टँकरवाल्यांमध्ये जाऊन उभी राहायची, उन्हात, हातात बिस्किटाचा पुडा. शेवटी तिला तो ड्रायव्हर सापडला. त्या दिवशी पहाटे तो वसंतरावांकडं टँकर घेऊन आला होता. झाकण बंद, बाजूला बाईच्या चपला. हाका मारल्या, कुणी आलं नाही, म्हणून परत गेला. झाकणाची गोष्ट त्याच्या तोंडून उभी राहिली. महेशला उचललं. त्यानं ठाण्यात कबूल केलं. वसंतरावांना सगळं माहीत होतं, तेही आत गेले.

कोर्टात महेशच्या वकिलानं मला साक्षीला बोलावलं. झाकण उघडं होतं का? होतं. तुमच्या पत्नी वेगळं सांगतात. त्यांची मनःस्थिती कशी आहे? — हे त्यानं इतक्या मऊ आवाजात विचारलं! कमल मागच्या बाकावर शांताच्या शेजारी बसली होती. तेव्हा तरी बोलायचं होतं. महेश तर खरंच खुनी होता, आता काय वाचवायचं राहिलं होतं? मी म्हणालो, ठीक नाही साहेब, बरीच वर्षं झाली.

न्यायाधीशांनी माझंही बाजूला ठेवलं आणि तिचंही. टँकरवाल्याचं धरलं. महेशला जन्मठेप झाली. म्हणजे माझ्या खोट्यानं कुणाचं काही वाचलं नाही. रेणूला न्याय मिळाला. फक्त कमल वेडी राहिली. ते कागद मिटले, फाइल बंद झाली, आणि तिच्यावरचा शिक्का पुसायचा कुणाच्या हातात होता? माझ्या. एकट्या माझ्या.

गल्लीतल्या बायका गावाला जाताना घराच्या किल्ल्या कमलकडं ठेवायच्या. ते बंद झालं. पोरं दारावरून ओरडत जायची. पुढच्या गणपतीत मंडळानं इन्स्पेक्टरबाईचा सत्कार केला — तेच मंडळ, नवा अध्यक्ष. शाल दिली. मी पहिल्या रांगेत टाळ्या वाजवल्या. काय निर्लज्ज जात आहे आपली! जाताना बाई माझ्याजवळ थांबली.

“अम्मा कैसे हैं?”

“अच्छे हैं.”

“एक बात बोलूँ चाचा? झूठे बहोत देखी मैं. कोई डर के बोलता, कोई अपने खून के वास्ते. आप कैकू बोले, वो मेरेकू आज तक नै समझा.”

मी हसलो. काय सांगणार होतो तिला? तिला डरपोक कळतात, लोभी कळतात. माझ्यासारखा कसा कळेल? बाई, तू तिला आधी विचारलंस. म्हणून. माझ्या अंगणाशेजारी, माझ्या गल्लीदेखत, मला हातानं गप्प करून माझ्या बायकोला विचारलंस, आणि तिचं लिहून घेतलंस. तेवढ्यासाठी मी तिला वेडी केली. वसंतराव, आरती, गावकी — हे सगळं नंतर मी मलाच सांगितलेलं. खरं ते एवढंच, इतकं फालतू. एवढ्याशा चिडीवर मी माझ्या बाईचं डोकं काढून घेतलं आणि पुन्हा कधी परत दिलं नाही.

कमलनं मला कधी सुनावलं नाही. लोक म्हणतात ना, बिचारी सोसत राहिली — नाही, सोसणं नव्हे ते. तिनं फक्त सांगायचं सोडलं. दूध आलं का? “तुम्हीच बघा.” बाहेर कोण होतं? “मला काय कळतंय.” भाजीत मीठ जास्त झालं तरी बोलायची नाही, मी खाऊन सांगेन तेव्हा मान हलवायची. मला ते बरं वाटायचं. बाई शांत झाली, म्हणायचो.

मागच्या हिवाळ्यात ती जिन्यावर मधेच बसायला लागली. मुलगा म्हणाला, दाखवून आणा. जवळच्याच एका डॉक्टरकडं नेलं, तरुण पोरगा, हसतमुख. त्यानं तिला विचारलं, “माँजी, दर्द कहाँ होता?”

कमल म्हणाली, “इनसे पूछो.”

डॉक्टर हसला. त्याला वाटलं, म्हाताऱ्या नवरा-बायकोची थट्टा. त्यानं पुन्हा विचारलं, छातीत का पोटात, हातात कळ जाते का. ती खाली बघत बसली. मग तो माझ्याकडं वळला.

मला काही माहीत नव्हतं. मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. तरी मी सांगितलं — पित्त आहे, वेळेवर जेवत नाही. ठणकावून सांगितलं. त्यानं माझं लिहून घेतलं आणि पित्ताच्या गोळ्या दिल्या. रिक्षात बसल्यावर मी तिला म्हणालो, बघ, मी म्हणतच होतो. ती म्हणाली, “हाव.”

पित्त नव्हतं. हृदय होतं. आठवडा निघाला नाही.