बाबांच्या कमरेचं रिव्हॉल्वर

बाबांचं रिव्हॉल्वर तळहातात मावेल एवढंच आहे. आखूड नळी, पाच गोळ्यांचं चक्र, आणि बुशशर्टात अडकू नये असा गोलसर घोडा. सगळं स्टेनलेस स्टीलचं. आमचं घर म्हापशाजवळ चोपड्याला, समुद्राला मिळणाऱ्या नदीकाठी. इथला खारा वारा खिडकीचे गज खातो, शेजाऱ्यांची नवीकोरी स्कूटरही त्याने सोडली नाही. याच्यावर मात्र एक डाग नाही. मला शस्त्रांचं वेड नाही, पण याचं कौतुक आहे, ते लपवत कशाला बसू!

परवाना घेतला तो देवीसाठी. बाबा गावच्या देवळाचे महाजन, म्हणजे मानकरी. वर्षातून एकदा, जत्रेच्या आधी, देवीचे दागिने म्हापशाच्या बँकेतून ते स्वतः घेऊन येतात. सोबत पोलीस असतो, पण बाबांची भिस्त आपल्या कमरेवर. बरं, एका दिवसाची ती गरज, पण हे सकाळी पाव आणायला निघाले तरी रिव्हॉल्वर कमरेला! आई होती तेव्हा पाववाल्यावरून चिडवायची, "पोदेराक भियेतात काय तुमी?" बाबा शांतपणे म्हणायचे, "रोज लायलें तरच हाताक वळण रावता."

यंदा तो हातच कापायला लागला. चहा बशीत सांडायचा, शर्टाची बटणं लागता लागत नव्हती. डॉक्टर म्हणाले, वयाचा कंप आहे, राहणारच. दागिने आणायचा दिवस जवळ आला तसा माझा जीव टांगणीला लागला. भर गर्दीत कुणाचा धक्का लागला आणि या हाताने चाप ओढला गेला तर?

"बाबा, औंदा तें घराच दवरा," रिव्हॉल्वर घरी ठेवा म्हणून मी विनवलं.

"म्हज्या हाताक कांयच जावंक ना," असं म्हणत कंप साफ नाकारून त्यांनी मला उडवून लावलं. मी इतकी चिडले की दुसऱ्या दिवशी त्यांच्याशी बोललेच नाही.

मग ते कौल घ्यायला देवळात निघाले आणि मीही फुरंगटून मागोमाग गेले. आमच्याकडे काही अडलं की देवीलाच विचारतात. भटजी मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवून गाऱ्हाणं घालतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. भटजींनी विचारलं, यंदाही रिव्हॉल्वर लावून दागिने आणावेत का? उजवी पाकळी लगेच पडली. मला देवीचाही राग आला, खोटं कशाला सांगू.

पण बाबा उठले नाहीत. हात जोडून स्वतःच देवीला म्हणाले, "आई, म्हजो हात कापता. गोळयो भरूं काय नाका?"

घरात आम्हा कुणापाशी त्यांनी हे कबूल केलं नव्हतं. भटजींनी नव्या पाकळ्या चिकटवल्या, त्या बराच वेळ हलल्या नाहीत. मी मनात डावी, डावी म्हणत होते. शेवटी डावीच पडली. बाबांनी नमस्कार केला आणि चपला घातल्या.

घरी येऊन त्यांनी कपाटातून रिव्हॉल्वर काढलं, नळी भिंतीकडे धरून चक्र उघडलं. गोळी काढायला बोटं गेली ती धातूवरच थरथरत राहिली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मग त्यांनी ते तसंच माझ्यापुढे धरलं.

"बाय, तूंच काड गो."

मी एकेक गोळी काढून मुठीत घेत गेले. जन्मात पहिल्यांदा बाबांनी माझ्याकडे काही मागितलं होतं, आणि ते देताना मला रडू आवरेना.